जनावराच्या उपचारात गैरप्रकार झाला तर तक्रार कशी करावी: सीमाभागातल्या पशुपालकांसाठी

खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव, कर्नाटक) आमच्या दूध सोसायटीची लिखापढी मी बघतो. त्यामुळे जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसांविरुद्धचे तक्रार अर्ज बरेचदा माझ्या टेबलावरून पुढे जातात. बहुतेक अर्ज एकाच साच्यातले असतात: 'इन्स्पेक्टरने आमची म्हैस मारली, त्याला सस्पेंड करा.' तारीख नाही, कानातल्या बिल्ल्याचा नंबर नाही, कुठलं औषध दिलं त्याचा पत्ता नाही. आणि अर्ज पाठवलेला असतो बेंगळूरच्या पशुवैद्यक परिषदेला, जिच्या नोंदवहीत त्या इन्स्पेक्टरचं, म्हणजे दवाखान्यातल्या पदवी नसलेल्या सहायकाचं, नावच नसतं. घटना खरी, लाखाच्या घरातलं नुकसान खरं, पण अर्ज उभा राहत नाही. म्हणून कामाचा क्रम नीट मांडतो आहे. टप्पे मागेपुढे करू नका, कारण पहिल्या दिवशी राहिलेली गोष्ट नंतर मिळत नाही.

## टप्पा १: पहिला दिवस

जनावर जिवंत असेल तर तक्रार बाजूला ठेवा आणि दुसरे डॉक्टर बोलवा. १९६२ नंबरवर फोन करून फिरता पशु दवाखाना मागवता येतो. आलेल्या डॉक्टरांना आधी कोणी काय टोचलं ते स्पष्ट सांगा, लपवू नका, नाहीतर तेच औषध दुसऱ्यांदा जाईल. त्यांच्याकडून तपासणीचा कागद घ्या. त्या कागदावर जनावराची अवस्था, वेळ आणि सही असली पाहिजे.

मग गोठ्यात या. रिकामी बाटली, कुपी, सिरिंज, सलाईनची नळी, कृत्रिम रेतनाची कांडी हे सगळं गव्हाणीच्या कडेला पडलेलं असतं आणि सकाळी शेण काढताना उकिरड्यावर जातं. ते तिथल्या तिथे गोळा करा. धुऊ नका, पुसू नका. स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि वर तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी लावा. बाटलीवरचं औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख दिसेल असे फोटो काढा. सुईला हात लावताना जपा. कालवडींना देतात ती ब्रुसेलाची लस जिवंत जंतूंची असते, ती माणसाला टोचली गेली तर आजार होतो.

कानातल्या १२ आकडी पिवळ्या बिल्ल्याचा जवळून फोटो घ्या. मेलेल्या जनावराचा बिल्ला काढू नका, विम्याला तो कानातच लागतो.

जनावर दगावलं असेल तर पुरण्याची घाई करू नका. आमच्या शेजाऱ्यांची म्हैस व्यायल्यावर दुसऱ्या दिवशी बसली ती उठेना. आलेल्या माणसाने कॅल्शियमची साडेचारशे मिलीची बाटली शिरेतून पाच-सात मिनिटांत सोडली. बाटली उंच धरलेली होती आणि नळीची चिमटी पूर्ण उघडी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कॅल्शियम शिरेतून द्यायचं तर सावकाश, हृदयाचे ठोके बघत द्यावं लागतं. भरभर सोडलं तर हृदय थांबू शकतं. म्हैस थरथरली, मान टाकली आणि गेली. दुपारी दोनला खड्डा काढून पुरली. अर्ज दिला आठ दिवसांनी. चौकशीला आलेल्या साहेबांनी तीनच प्रश्न विचारले: शवविच्छेदन झालं? बाटली आहे? वेळ कोणी लिहून ठेवली? तिन्हींना उत्तर 'नाही'. मी स्वतः तिथे उभा होतो आणि मलाही सुचलं नव्हतं, ही खंत अजून जात नाही.

शवविच्छेदन नोंदणीकृत पशुवैद्यक डॉक्टरांनीच करायचं असतं. ज्या दवाखान्याविरुद्ध तक्रार आहे तिथलेच डॉक्टर नकोत असं वाटत असेल, तर पशुपालन खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निर्देशकांना फोन करा आणि लगेच दोन ओळींचा लेखी अर्ज देऊन दुसऱ्या डॉक्टरांची मागणी करा. उन्हाळ्यात म्हशीचं शरीर काही तासांत फुगतं आणि कुजतं, मग आतलं काही ओळखू येत नाही. त्यामुळे ही मागणी पहिल्या तासातच व्हायला हवी. पोटातला माल आणि अवयवांचे नमुने प्रयोगशाळेकडे पाठवा असं अर्जातच लिहा.

सावधान: जनावर अचानक मेलं, नाकातोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट, न गोठणारं रक्त येतंय, पोट झपाट्याने फुगलंय, तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो. असं जनावर कोणीही फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. डॉक्टरांना कळवा, कुत्री लांब ठेवा. पुराव्यासाठी जिवाशी खेळू नका.

रात्री झोपण्याआधी वहीत लिहा: किती वाजता फोन केला, कोण आलं, सोबत कोण होतं, काय टोचलं, कुठे टोचलं, किती पैसे दिले, जनावराने कधी मान टाकली. मोबाइलमधल्या कॉलच्या यादीचाही फोटो ठेवा. कोणी मधेच 'मिटवून टाका' म्हणालं तर तेही, वेळेसकट.

## टप्पा २: तो माणूस नक्की कोण होता?

इथेच सगळ्यात जास्त अर्ज चुकतात. आपण गोठ्यात येणाऱ्या प्रत्येकाला 'डॉक्टर' म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्याखालच्या नोंदवहीत फक्त पदवीधर पशुवैद्यक असतात. कर्नाटकापुरती ती नोंदवही कर्नाटक पशुवैद्यक परिषदेकडे, बेंगळूरला. दवाखान्यातले इन्स्पेक्टर (कन्नड पाटीवर 'परीक्षक' असतं), अटेंडर, खाजगी दवाखान्यातला मदतनीस, रेतन करणारा हे कोणीच त्या नोंदवहीत नसतात. त्यामुळे परिषद त्यांचं नाव काढू शकत नाही, कारण ते नाव तिथे नाहीच.

त्याच कायद्याचं कलम ३० मात्र नीट समजून घ्या. डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट असलेल्या सहायकाला राज्य सरकार आदेश काढून किरकोळ उपचारांची परवानगी देऊ शकतं: लस टोचणं, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, आणि सरकारने अधिसूचनेत घातलेले इतर प्राथमिक उपचार. अट एकच, पण मोठी: हे सगळं नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि सांगण्यावरून. म्हणजे इन्स्पेक्टरने हद्द ओलांडली तर प्रश्न दोन होतात. एक, त्याने काय केलं. दुसरा, देखरेख करणारे डॉक्टर कुठे होते. पहिला प्रश्न खात्याकडे जातो. दुसऱ्यात दम असेल, म्हणजे डॉक्टरांनी माहीत असून दुर्लक्ष केलं किंवा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या, तर तो परिषदेकडे जाऊ शकतो. परिषद डॉक्टरांचं म्हणणं ऐकून, चौकशी करून नोंदवहीतून नाव काढू शकते.

तेव्हा अर्ज लिहिण्याआधी हे शोधून काढा: माणूस सरकारी नोकर आहे, दूध संघाचा आहे, खाजगी दवाखान्यात कामाला आहे, की कोणाचाच नाही? सरकारी असेल तर दवाखान्याच्या फलकावर नाव आणि हुद्दा असतो. 'संघाकडून येतो' म्हणणाऱ्याचं नाव सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून खात्री करा. आपल्या भागात चंदगड, गडहिंग्लजकडूनही माणसं मोटारसायकलवर पेटी बांधून येतात. महाराष्ट्राच्या आदेशाने मिळालेली सहायकाची परवानगी कर्नाटकात आपोआप चालत नाही, म्हणून त्याने कोणत्या राज्याचं कार्ड दाखवलं ते लिहून ठेवा. घटना आपल्या गोठ्यात घडली असेल तर तक्रारीची सुरुवातही आपल्याच तालुक्यातून करा.

## टप्पा ३: चूक कोणती, ते एका वाक्यात सांगता येतं का?

जनावर दगावलं म्हणजे गैरवर्तन झालंच असं नाही. व्यायल्यावर बसलेली म्हैस योग्य उपचार मिळूनही जाते. बरोबर औषध, बरोबर मात्रा देऊनही एखाद्या जनावराला रिअॅक्शन येते. हे मान्य करून लिहिलेल्या अर्जाला वजन असतं. प्रामाणिकपणे राबणारे इन्स्पेक्टर मी बघितलेत, भर पावसात जांबोटीच्या रानवाटा तुडवत जाणारे. त्यांच्यावर खोटा आळ येऊ नये ही जबाबदारीही तक्रार करणाऱ्याचीच.

तुमचं वाक्य असं व्हायला हवं: 'डॉक्टरांना न कळवता अडलेली म्हैस तीन माणसं लावून ओढली.' किंवा 'एकाच सुईने सात जनावरांना टोचलं.' किंवा 'माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक म्हशीला दिलं.' जनावरांसाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक २००६ पासून बंद आहे, २०२३ पासून केटोप्रोफेन आणि अॅसेक्लोफेनॅकही. म्हणून बाटलीचा फोटो महत्त्वाचा. असं वाक्य जमत नसेल तर एक दिवस थांबा, वही पुन्हा वाचा.

दोन प्रकारांवर जास्त बोलायला हवं.

न टोचलेली लस. लाळ्या-खुरकूताची फेरी सहा महिन्यांनी येते. कानात बिल्ला मारला, मोबाइलमध्ये नोंद झाली, पण सुई टोचलीच नाही, अशी तक्रार एकट्याने केली तर 'तुम्ही घरी नव्हता' एवढ्या उत्तरावर संपते. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून यादी करा: मालकाचं नाव, बिल्ला नंबर, फेरीचा दिवस, घरी कोण होतं. मग दवाखान्यात लेखी विचारा, या नंबरांवर लस कोणत्या तारखेला नोंदली आहे. नोंद आणि तुमची यादी शेजारी ठेवली की वाद घालावा लागत नाही.

पैसे. सरकारी कामासाठी जे शुल्क असेल त्याची पावती मागा. पावतीशिवाय पैसे मागितले तर ती लाच, आणि तिचा रस्ता वेगळा: लोकायुक्त पोलीस. त्यांचं कार्यालय बेळगावात आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं पाहिजे. पैसे देण्याआधीच त्यांच्याकडे गेलात तर सगळ्यात उत्तम.

तपासा: अर्जात पैसे, उद्धट बोलणं, चुकीचा उपचार आणि मागच्या वर्षीचं भांडण हे सगळं एकत्र घातलंय का? वेगळं करा. एक घटना, एक अर्ज.

## टप्पा ४: अर्ज लिहिणे, आणि भाषेचा प्रश्न

मराठीत अर्ज देता येतो का? येतो. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार गाऱ्हाणं मांडणारा अर्ज त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी अर्ज नाकारला तर 'नाकारला असं लिहून द्या' म्हणा.

तरीही माझा सल्ला स्पष्ट आहे: मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडा. फाइल ज्यांच्या हाताखालून जाणार त्यांना ती पहिल्या वाचनात समजली पाहिजे. नुकसान तुमचं झालंय आणि दिवस तुमचे चाललेत. आधी आपल्या शब्दांत मराठीत लिहा, मग जाणकाराकडून कन्नड करून घ्या आणि कन्नड प्रत मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. एका अर्जात 'निष्काळजीपणे' या शब्दाचं झेरॉक्सवाल्याने 'मुद्दाम' करून ठेवलं होतं. मुद्दाम म्हटलं की सिद्ध करण्याचं ओझं भलतंच वाढतं. तो अर्ज त्या एका शब्दावर अडकला.

मजकूर साधारण असा ठेवा:

*'दि. __ रोजी सकाळी ७.१० वाजता मी श्री. __ (हुद्दा __) यांना फोन केला. ते ८ वाजता आले. माझ्या म्हशीस (बिल्ला नं. __, तिसरे वेत) त्यांनी __ हे औषध शिरेतून दिले. बाटली सुमारे ६ मिनिटांत संपली. डॉक्टर हजर नव्हते व माझ्यासमोर त्यांना फोन केला गेला नाही. ८.२० वाजता म्हैस मेली. त्या वेळी __ व __ हजर होते. सदर उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाला काय व पद्धत योग्य होती काय, याची चौकशी व्हावी. चौकशीच्या वेळी मला व साक्षीदारांना बोलवावे व निकाल लेखी कळवावा.'*

'त्याला इंजेक्शन द्यायचा अधिकारच नाही' असं ठाम लिहू नका. सरकारी अधिसूचनेत कोणते उपचार घातलेत त्यावर ते ठरतं. तुमचं विधान चुकीचं निघालं की बाकीचा अर्जही संशयात येतो. चौकशी मागा, शिक्षा सुचवू नका.

सोबत फोटो, तपासणीचा कागद, शवविच्छेदन अहवाल आणि साक्षीदारांच्या सह्या यांच्या प्रती जोडा. मूळ कागद आणि बांधलेली पिशवी घरीच ठेवा.

सावधान: हा मजकूर व्हॉट्सअॅपच्या गावच्या ग्रुपवर टाकू नका. साक्षीदारांवर दबाव तिथूनच सुरू होतो, आणि बदनामीची उलटी नोटीसही तिथूनच येते.

## टप्पा ५: कोणाकडे, कोणत्या क्रमाने

सरकारी कर्मचारी असेल तर पहिला अर्ज तालुक्याच्या सहायक निर्देशकांना, पशुपालन व पशुवैद्यकीय सेवा खातं. प्रत जिल्ह्याच्या उपनिर्देशकांना, बेळगाव. उत्तर न मिळाल्यास पुढची पायरी जिल्हा पंचायतीचे मुख्य कार्यकारी अधिकारी. १९०२ या जनस्पंदन क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते, पण अर्ज दिल्यानंतर नोंदवा आणि अर्जाचा आवक नंबर तिथे सांगा. नुसत्या फोनवर विसंबू नका.

दूध संघाचा माणूस असेल तर आधी सोसायटीच्या बैठकीत ठराव घ्या आणि तो संघाकडे पाठवा. ठरावाच्या कागदाला एकट्याच्या अर्जापेक्षा जास्त वजन असतं.

खाजगी दवाखाना, मग तो बेळगाव शहरातला कुत्र्यामांजरांचा का असेना, आणि तुम्ही पैसे भरलेत: आधी दवाखान्याच्या मालक डॉक्टरांना लेखी कळवा. मदतनीसाच्या कामाची जबाबदारी त्यांची आहे. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत घटनेपासून २ वर्षं, आणि उपचारासाठी तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. फुकट मिळालेल्या सरकारी उपचाराची तक्रार मात्र तिथे चालत नाही.

कोणाचाच नसलेला फिरता 'डॉक्टर' असेल तर पोलीस ठाणं, आणि सोबत परिषदेलाही कळवा. नोंदणी नसताना पशुवैद्यकाचा व्यवसाय करणं हा गुन्हा आहे. बाकीच्या प्रकरणांत मात्र आधी पोलिसांकडे धावू नका. जनावर मारल्याचं कलम लागायला हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. निष्काळजीपणाचं प्रकरण तिथे नेलं की महिनाभर वाया जातो.

अर्ज हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'साहेब मिटिंगला गेलेत, नंतर या' हे उत्तर मिळालं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच वहीत चिकटवा.

दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी: तुम्ही स्वतः अटेंडर किंवा शिकाऊ असाल आणि सोबतच्या माणसाचं वागणं खटकत असेल, तर बघितलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा आणि प्रभारी डॉक्टरांना लेखी द्या. त्यांनीच दाबलं तर वरच्या अधिकाऱ्याला. रजिस्टरची पानं फाडून घरी नेऊ नका. त्यात तुम्हीच अडकाल. पान नंबर आणि तारीख टिपून ठेवली तरी पुरे.

## टप्पा ६: चौकशीचा दिवस

चौकशी अधिकारी बहुधा फोन करून अचानक येतात. साक्षीदार शेतात असतील तर तसं सांगा आणि दुसरी वेळ लेखी मागा. एकट्याने जबाब देऊ नका, कन्नड नीट वाचता येणारं कोणीतरी सोबत ठेवा.

जबाब कन्नडमध्ये लिहिला जाईल. तो मोठ्याने वाचून, मराठीत समजावून घ्या. मग खाली स्वतःच्या अक्षरात लिहा: 'वरील मजकूर मला मराठीत समजावून सांगितला, तो बरोबर आहे.' त्याखाली सही. काही चुकलं असेल तर खाडाखोड करून दुरुस्ती करायला लावा आणि दुरुस्तीशेजारी सही करा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा अजिबात नाही. जबाबाची प्रत मागा, लगेच देत नसतील तर फोटो काढण्याची परवानगी मागा.

याच सुमारास गावातली मोठी माणसं येतात. 'पाच गावांत हा एकच इन्स्पेक्टर, उद्या तुझी गाय अडली तर कोण येणार?' ही भीती खरी आहे, तिला नावं ठेवू नका. म्हणूनच अर्जात एक ओळ घाला: 'चौकशी चालू असताना माझ्या जनावरांचे उपचार थांबू नयेत.' उपचाराला नकार मिळाला तर तो नवा प्रसंग, नवी तारीख, नवा अर्ज. भरपाई घेऊन मिटवायचं ठरवलं तर तो तुमचा निर्णय, पण 'तक्रार खोटी होती' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

## टप्पा ७: उत्तर आलं नाही तर

महिनाभर वाट बघून आवक नंबर घालून स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहिती अधिकार. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. आपली माणसं चार पानी अर्ज लिहितात आणि तो परत येतो.

काय मागायचं हेही महत्त्वाचं. 'त्या कर्मचाऱ्यावरच्या आजवरच्या सगळ्या तक्रारी द्या' म्हटलं तर खाजगी माहिती म्हणून नकार येतो. त्याऐवजी मागा: माझ्या अर्जावर (आवक नं. __) झालेल्या कारवाईची नोंद आणि चौकशी अहवालाची प्रत. दुसऱ्या अर्जात: घटनेच्या दिवसाचं दवाखान्याच्या रुग्ण नोंदवहीचं आणि औषध साठा वहीचं पान. तुमच्या गोठ्यात बाटली रिकामी झाली आणि साठा वहीत ती खर्ची पडलेली नाही, तर ती आली कुठून, हा प्रश्न मग खात्यालाच सोडवावा लागतो. हा दुसरा अर्ज स्मरणपत्राची वाट न बघता पहिल्या आठवड्यातच टाकला तर जास्त चांगलं.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्याच्या वरिष्ठांकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे. या तारखा वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा. सुगीत आणि लग्नसराईत त्या हमखास निसटतात.